ऑस्ट्रेलियातल्या महाराष्ट्र मंडळांना खुलं पत्र: खासदार आले की त्यांना नळाचं विचारा

ऑस्ट्रेलियातल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी आणि सभासद यांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या गणेशोत्सवात रजा काढून मी शहरात आले होते. हॉल गच्च भरला होता. सुरुवातीला निवेदिकेने कागदावरून इंग्रजीत दोन वाक्यं वाचली: या भूमीच्या मूळ रखवालदारांना आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना आम्ही आदरपूर्वक वंदन करतो. अर्ध्या मिनिटात ते झालं. मग अथर्वशीर्ष, मग स्थानिक खासदारांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार, मग त्यांचं भाषण. जेवणाच्या रांगेत एका ताईंनी विचारलं, मी कुठे असते. सांगितलं. त्या म्हणाल्या, "अगं बाई, तिकडे? ते लोक म्हणे सगळं फुकट घेतात, घरं मोडतात नि पितात. सरकार तरी काय करणार?"

ताई मायेच्या होत्या, माझ्या काळजीपोटीच बोलल्या. रांग पुढे सरकली आणि उत्तर माझ्या तोंडातच राहिलं. ते आता लिहिते आहे, कारण त्या एकट्याच असं म्हणत नाहीत.

मी मूळची सोलापूरची, डॉक्टर. परदेशात शिकलेल्या डॉक्टरांना इथे बरीच वर्षं डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागातच काम करावं लागतं, त्या नियमाने मी मध्य ऑस्ट्रेलियात आले. पुढे नियमाची गरज संपली तरी राहिले. आमचा दवाखाना ॲबोरिजिनल, म्हणजे या देशाच्या मूळ रहिवाशांच्या, वार्लपिरी भाषा बोलणाऱ्या एका वस्तीत आहे. लाल माती, मोकळी कुत्री, एक दुकान, एक शाळा, आणि ॲलिस स्प्रिंग्जला जायचं तर काही तासांचा रस्ता.

दर चार आठवड्यांनी माझ्याकडे एक नऊ वर्षांचा मुलगा येतो. त्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन द्यायचं असतं. औषध दाट, पांढरं, फ्रीजमधलं. देण्याआधी सिरिंज तळहातांत फिरवून कोमट करावी लागते, नाहीतर फार दुखतं. दुखतं तरीही. तो कुशीवर वळतो, भिंतीकडे तोंड करतो आणि आजीचा अंगठा धरून ठेवतो. त्याला संधिवाताचा ताप येऊन गेला आहे, आणि तो पुन्हा आला तर हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. हा आजार सांधे चाटतो आणि काळीज चावतो, असं आम्हाला कॉलेजात शिकवत. निदान दहा वर्षं, म्हणजे मिसरूड फुटून पुढेही, हे इंजेक्शन चालू राहायचं आहे.

सोलापुरात शिकत असताना असे रुग्ण मी पाहिले होते. या देशात ते पाहावे लागतील असं मात्र वाटलं नव्हतं. शहरातल्या माझ्या डॉक्टर मैत्रिणींनी इथे या तापाचा एकही ताजा रुग्ण पाहिलेला नाही, कारण हा दाटीचा आणि पाण्याच्या गैरसोयीचा आजार आहे. घसा दुखतो, अंगावर पुवाचे फोड येतात, ते एकाचे दुसऱ्याला होतात. ज्या घरात रोज अंघोळ होते, कपडे धुतले जातात आणि प्रत्येकाला झोपायला आपली जागा असते, त्या घरात तो सहसा फिरकत नाही.

म्हणून एकदा मी त्या मुलाचं घर पाहायला गेले. तीन खोल्या, चौदा माणसं. बोळात गाद्या. आजीने अंगण लख्ख झाडलेलं. मोरीत पाणी तुंबलं होतं आणि शॉवरमधून थेंब पडत होते. फ्रीजच्या दारावर मार्करने तीन आकडे लिहिलेले दिसले, प्रत्येकापुढे तारीख. मला वाटलं फोन नंबर असतील. ते दुरुस्तीचे तक्रार क्रमांक होते. सर्वांत जुना सात महिन्यांपूर्वीचा. आजी दर वेळी दुकानासमोरच्या फोनवरून इंग्रजीत, जी तिची तिसरी भाषा आहे, तक्रार नोंदवून आली होती.

अखेर प्लंबर आला तेव्हा मी योगायोगाने तिथेच होते. त्याने शॉवरचं तोंड काढून ओट्यावर आपटलं तशी पांढरी भुकटी पडली. बोअरच्या जड पाण्यावर वाढलेल्या मला ती भुकटी बघताक्षणी ओळखू आली: क्षार. नळ, गीझर, कूलर, सगळं तो गिळतो. वीस मिनिटांत शॉवर सुरू झाला. त्या सात महिन्यांत त्या घरातल्या पोरांना मी दोनदा खरजेचं औषध दिलं होतं.

"घरं मोडतात" याचं उत्तर १९८५ पासून उपलब्ध आहे. त्या वर्षी साउथ ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला पिट्जंट्जट्जारा लोकांच्या आरोग्य संस्थेचे प्रमुख यामी लेस्टर यांनी एक डॉक्टर, एक वास्तुविशारद आणि एक मानववंशशास्त्रज्ञ यांना बोलावून सांगितलं, लोक आजारीच पडू नयेत असं काहीतरी करा. (यामी लेस्टर लहान असताना, १९५३ साली, ब्रिटिशांनी त्यांच्या मुलखात अणुचाचण्या केल्या, त्यानंतर त्यांची दृष्टी गेली.) त्या तिघांनी घराघरांत जाऊन नळ, मोरी, विजेचं बटण, चूल तपासली आणि जागेवरच दुरुस्त केली. पुढे हेच काम देशभर हजारो घरांत झालं, प्रत्येक बिघाडाचं कारण लिहून ठेवलं गेलं. भाडेकरूंनी केलेली मोडतोड शंभर बिघाडांमागे दहाहूनही कमी निघाली. बाकी सगळं न झालेली देखभाल, आणि मुळातच वाईट केलेलं बांधकाम.

फुकट तर काहीच नाही. ही घरं सरकारची आहेत आणि लोक त्यांचं भाडं भरतात. आमचा हा प्रदेश म्हणजे नॉर्दर्न टेरिटरी, त्याच्या दूरच्या वस्त्यांत फेब्रुवारी २०२३ पासून झोपण्याच्या खोलीमागे आठवड्याला ७० डॉलर असा दर लागू झाला. सरकार इथे घरमालक आहे, आणि घरमालकाने काय करायचं ते कायद्यात लिहिलेलं आहे. ॲलिस स्प्रिंग्जपासून ऐंशी-एक किलोमीटरवरच्या सांता टेरेसा या वस्तीतल्या लोकांनी २०१६ मध्ये याच मुद्द्यावर टेरिटरी सरकारला न्यायाधिकरणात खेचलं. त्यातल्या एका आजींच्या घराला पाच वर्षांहून जास्त काळ मागचं दारच नव्हतं. रात्री सापाची भीती, कुत्र्यांची भीती, माणसांची भीती. न्यायाधिकरणाने त्याची भरपाई ठरवली १०० डॉलर. वरच्या न्यायालयाने ती १०,२०० केली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने (इथे त्याला हायकोर्ट म्हणतात) सांगितलं की भाडेकरूला झालेल्या मनस्तापाची भरपाई मिळालीच पाहिजे. हा निकाल ऐकायला त्या आजी उरल्या नव्हत्या.

आपल्यातला कोणी भाड्याच्या घरात दाराशिवाय पाच दिवस राहिला असता का? एजंटाला किती ईमेल गेले असते?

विजेचंही सांगते. इथल्या बहुतेक घरांना प्रीपेड मीटर आहेत. कार्डातले पैसे संपले की वीज आपोआप जाते. टेरिटरीतल्या २८ वस्त्यांमधल्या सुमारे ३,३०० घरांच्या एका वर्षाच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा शंभरातल्या ९१ घरांची वीज वर्षभरात कधी ना कधी गेलेली होती, आणि शंभरातल्या ७४ घरांची दहापेक्षा जास्त वेळा. बाहेर ४२ अंश असतात. माझ्या मधुमेही रुग्णांचं इन्सुलिन त्या फ्रीजमध्ये असतं. शहरात बिल थकलं तर कंपनीला आधी नोटीस द्यावी लागते, हप्ते करून द्यावे लागतात. प्रीपेड मीटर कुणाला काही विचारत नाही.

आता "सरकार काय करणार" या प्रश्नाकडे येते, कारण सरकारने काय काय केलं त्याचा इतिहास लांब आहे.

१९११ ते १९७८ अशी सदुसष्ट वर्षं नॉर्दर्न टेरिटरीचा कारभार थेट केंद्र सरकारकडे होता. कोणी कुठे राहायचं, कोणाशी लग्न करायचं, मूल कोणाकडे वाढायचं, हे 'संरक्षक' नावाचा अधिकारी ठरवत असे. मजुरीचे पैसे हातात पडत नसत, आणि त्या बुडालेल्या मजुरीपोटी २०२४ मध्ये न्यायालयाबाहेरच्या तडजोडीत केंद्र सरकारला २० कोटी डॉलरपर्यंतची रक्कम मान्य करावी लागली. आपल्यापैकी जे सोलापूरचे आहेत त्यांनी 'सेटलमेंट' पाहिली असेल. १८७१ च्या कायद्याने ज्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या, त्यांना काटेरी तारेच्या आत ठेवून रोज हजेरी घेत, ते १९५२ पर्यंत चाललं. माझ्या शाळेत त्या वस्तीतल्या मुली होत्या. काही हरवलं की शिक्षक आधी त्यांची दप्तरं तपासत, हे मी शेजारच्या बाकावरून पाहिलं आहे आणि तेव्हा गप्प बसले आहे. इथे आल्यावर जुन्या मिशनच्या, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांना जिथे ठेवत त्या वस्त्यांच्या, गोष्टी ऐकल्या तेव्हा वाटलं, हे तर त्याच साहेबाच्या हातचं.

१९६७ च्या सार्वमतात शंभरातल्या नव्वदहून अधिक मतदारांनी 'हो' म्हणून ॲबोरिजिनल लोकांसाठी कायदे करण्याचा अधिकार केंद्राला दिला. अधिकार आला म्हणजे जबाबदारीही आली. पण त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं केंद्र राज्याकडे बोट दाखवतं आणि राज्य केंद्राकडे. लहान वस्त्यांच्या पाणी-विजेच्या खर्चातून केंद्राने अंग काढून घेतल्यावर वेस्टर्न ऑस्ट्रेलियाच्या प्रमुखांनी शंभरावर वस्त्या बंद कराव्या लागतील असं जाहीर केलं. मार्च २०१५ मध्ये तेव्हाचे पंतप्रधान टोनी ॲबट म्हणाले की लोकांनी निवडलेल्या जीवनशैलीचा खर्च करदात्यांनी का उचलावा. आपल्या पूर्वजांच्या जमिनीवर राहणं ही जीवनशैली! जीएसटीच्या वाटपात टेरिटरीला माणशी कितीतरी जास्त पैसा मिळतो, तो इथली गरिबी आणि अंतरं मोजूनच. मात्र तो गरीब वस्त्यांवरच खर्च करण्याचं बंधन टेरिटरीवर नाही.

आणि सरकार जेव्हा खरोखर धावून आलं, तेव्हा काय झालं? २००७ मध्ये मुलांवरच्या अत्याचारांबद्दल एक अहवाल आला. त्यात ९७ शिफारशी होत्या आणि सगळा भर एकाच गोष्टीवर होता: वस्त्यांशी बोला, त्यांना बरोबर घ्या. तेव्हाचे पंतप्रधान हॉवर्ड यांच्या सरकारने न बोलता लष्कराच्या गाड्या पाठवल्या, वंशभेदविरोधी कायदा टेरिटरीतल्या ७३ वस्त्यांपुरता स्थगित केला आणि प्रत्येकाच्या सरकारी भत्त्यातली अर्धी रक्कम ठरावीक वस्तूंवरच खर्च करता येईल अशी गोठवली, मग तो दारू पिणारा असो की जन्मात थेंबाला न शिवलेला. आमच्या दवाखान्यातल्या वयस्क मदतनीस बाई आजही सांगतात, "मी तीस वर्षं नोकरी केली होती. माझ्या पैशाने मी काय घ्यायचं ते दुकानातलं मशीन मला सांगायला लागलं."

दारूचं मी लपवणार नाही. फुटलेली डोकी मी शिवते, मार खाल्लेल्या बायका रात्री माझ्याच दारात येतात. पण दारू अजिबात न पिणाऱ्यांचं प्रमाण ॲबोरिजिनल लोकांत इतरांपेक्षा जास्त आहे, हे सरकारी पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आणि दारूविरुद्ध पहिल्या उभ्या राहिल्या त्या इथल्याच बायका. युएन्डुमू गावच्या वार्लपिरी बायकांनी रात्रीची गस्त सुरू केली, त्या हातात काठ्या घेऊन फिरत. तिथल्याच वडीलधाऱ्यांनी १९९४ पासून पेट्रोल हुंगणाऱ्या पोरांना माउंट थिओ या दूरच्या ठिकाणी नेऊन ठेवलं, शिकारीला नेलं, सांभाळलं, आणि काही वर्षांत गावातून ते व्यसन घालवलं.

डायलिसिसची गोष्ट मात्र मला सविस्तर सांगायची आहे. मध्य ऑस्ट्रेलियात मूत्रपिंडाचे आजार फार. पूर्वी डायलिसिस फक्त ॲलिस स्प्रिंग्जला होई. पश्चिम वाळवंटातल्या पिंटुपी म्हाताऱ्यांना पाचशे किलोमीटरवरचं गाव सोडून कायमचं तिथे यावं लागे. नातवंडं लांब, आपली भाषा बोलणारं कोणी नाही, आणि आपल्या भूमीपासून दूर मरण. त्यांच्यात ते मरणाहून वाईट. सरकारकडे गावात मशीन मागितलं तर उत्तर आलं, परवडणार नाही. तेव्हा त्यांच्यातल्या चित्रकार मंडळींनी मिळून मोठी चित्रं काढली आणि नोव्हेंबर २००० मध्ये सिडनीच्या कलादालनात त्यांचा लिलाव केला. दहा लाखांहून अधिक डॉलर जमले. २००४ मध्ये किन्टोर गावात पहिलं मशीन सुरू झालं. पुढे या प्रयत्नातून उभ्या राहिलेल्या संस्थेने, 'पर्पल हाउस'ने, एकेक करत अनेक वस्त्यांत केंद्रं काढली. दूरच्या वस्तीतल्या डायलिसिसचा खर्च मेडिकेअरने, म्हणजे सरकारी आरोग्य विम्याने, द्यायला सुरुवात केली ती २०१८ च्या अखेरीला. मेडिकेअर तुमच्या-माझ्या करातून चालतं, आणि ते या म्हाताऱ्यांपर्यंत पोहोचावं म्हणून त्यांना आधी आपली चित्रं विकावी लागली.

हे सरकारलाही ठाऊक आहे. जुलै २०२० मध्ये देशातल्या सगळ्या सरकारांनी ॲबोरिजिनल संस्थांच्या आघाडीबरोबर करार केला, दरी बुजवण्याचा. निर्णय मिळून घेऊ, पैसा त्यांच्याच संस्थांमार्फत खर्च करू, असं लिहून दिलं. २०२४ च्या सुरुवातीला सरकारच्याच उत्पादकता आयोगाने सांगितलं की दिलेला शब्द बहुतांश पाळलेला नाही. २०२५ मध्ये १९ उद्दिष्टांपैकी केवळ चार मार्गावर होती. कैद्यांची संख्या, आईबापांपासून दूर ठेवलेली मुलं आणि आत्महत्या या बाबतीत तर पाऊल मागे पडत होतं. ॲबोरिजिनल पुरुष इतरांच्या सुमारे नऊ वर्षं आधी मरतो, बाई आठ वर्षं आधी. टेरिटरीत दहा वर्षांच्या मुलाला पुन्हा गुन्हेगार ठरवता येतं, ते वय २०२३ मध्ये बारा केलं होतं आणि २०२४ मध्ये परत दहावर आणलं. माझा इंजेक्शनवाला मुलगा पुढच्या वर्षी दहाचा होईल.

मुलं काढून नेण्याबद्दल एवढंच लिहिते. वार्लपिरी भाषेत आईच्या बहिणीलाही आईच म्हणतात. आपल्याकडे 'माय मरो पण मावशी जगो' म्हणतात, तसंच. मूल आज आईकडे, उद्या मावशीकडे जेवलं, झोपलं, तर आपल्याला त्यात वावगं वाटणार नाही. फॉर्म भरणाऱ्या अधिकाऱ्याला तिथे बेवारस मूल दिसतं.

तुम्ही विचाराल, यात आपण कुठे येतो?

संपूर्ण नॉर्दर्न टेरिटरीतून लोकसभेसारख्या इथल्या सभागृहात फक्त दोन खासदार जातात. ॲबोरिजिनल लोक देशाच्या लोकसंख्येत शंभरात चारही नाहीत. त्यांच्या मतांनी सरकार पडत नाही की येत नाही. आपण जिथे राहतो त्या सिडनी-मेलबर्नच्या उपनगरांत येतं: पॅरामॅटा, वेंटवर्थव्हिल, टारनीट, पॉइंट कुक. म्हणून तर मंत्री आपल्या दिवाळीला कुर्ता घालून येतात. आपलं ऐकून घेतात, हॉलसाठी, शनिवारच्या मराठी शाळेसाठी अनुदान देतात. जे दार त्या आजीला सात महिने उघडलं नाही, ते आपल्याला एका निमंत्रणपत्रिकेवर उघडतं.

संसदेला सल्ला देणारं ॲबोरिजिनल मंडळ राज्यघटनेत आणावं का, या २०२३ च्या सार्वमतात आपल्यातल्या कोणी 'हो' म्हटलं, कोणी 'नाही'. दूरच्या वस्त्यांतल्या मतपेट्यांत 'हो'चं मोठं मताधिक्य होतं आणि निकालाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या दवाखान्यात कोणी मोठ्याने बोललं नाही, पण तो वाद मी आज काढत नाही. 'नाही' म्हणणाऱ्यांचंही म्हणणं हेच होतं ना, की शब्द नकोत, प्रत्यक्ष काम हवं? तर मग प्रत्यक्ष कामाचंच विचारू या.

माझी विनंती अशी. यंदा ज्या मंडळात खासदार येतील, तिथे सत्कारानंतर अध्यक्षांनी माईकवरूनच त्यांना विचारावं. मार्च २०२४ मध्ये टेरिटरीच्या दूरच्या वस्त्यांसाठी दहा वर्षांत ४०० कोटी डॉलर आणि वर्षाला २७० पर्यंत घरं जाहीर झाली. त्यातली किती उभी राहिली आणि जुन्या घरांच्या देखभालीला किती ठेवले? दुरुस्तीची तक्रार किती दिवसांत निकाली निघते, ते वस्तीवार जाहीर का होत नाही? हे काम बाहेरच्या ठेकेदाराऐवजी वस्तीतल्याच पोरांना शिकवून त्यांना पगारावर का देत नाही? प्रीपेड मीटरवाल्यांना शहरातल्या ग्राहकासारखं संरक्षण कधी? आणि २०२० च्या करारात लिहून दिलेला पैसा ॲबोरिजिनल संस्थांच्या हातात का जात नाही? हे प्रश्न माझे नाहीत. इथल्या संस्था ते वर्षानुवर्षं विचारत आहेत. आपण फक्त आपल्या माईकवरून विचारायचे. त्यांच्या वतीने बोलायला जायचं नाही, त्यांना काय हवं ते आपण ठरवायचं नाही.

दुसरं, २६ जानेवारीचं. आपल्याला तो प्रजासत्ताक दिन. इथे त्याच दिवशी आपल्यातल्या अनेकांनी नागरिकत्वाची शपथ घेतली, मीही घेतली, हातात रोपटं घेऊन फोटो काढला. १७८८ मध्ये त्या तारखेला, ब्रिटिशांची वसाहत इथे वसली तेव्हा, काय सुरू झालं ते माझ्या मदतनीस बाईंना माहीत आहे, तरी त्या माझ्यासाठी केक घेऊन आल्या होत्या. मंडळांनी त्या दिवशी झेंडावंदन जरूर करावं. त्याच दिवशी स्थानिक ॲबोरिजिनल संस्थेतल्या कोणाला, त्यांची इच्छा असेल तर, मानधन देऊन बोलवावं आणि आपण खाली बसून ऐकावं.

खासदारांना पाठवायच्या पत्राचा मसुदा मी इंग्रजीत करून ठेवला आहे. आमच्या दवाखान्यातल्या बाईंनी तो वाचून दोन ठिकाणी बदलला. मी 'कृपया मदत करा' लिहिलं होतं, त्यांनी ते खोडून 'तुमचं काम करा' लिहिलं. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी कळवावं, लगेच पाठवते. गणपतीच्या आधी मिळाला तर बरं.

आपली,
मध्य ऑस्ट्रेलियात काम करणारी एक मराठी डॉक्टर